स्वस्त शहरातलं महाग घर: परदेशी नोकरीवर जाताना घराचा हिशेब

अंगोलाची राजधानी लुआंडा. मर्सर कंपनीच्या राहणीखर्चाच्या यादीत परदेशी नोकरदारांसाठी जगातलं सगळ्यात महाग शहर म्हणून ते २०१४, २०१५ आणि पुन्हा २०१७ मध्ये पहिलं आलं. टोकियो, झुरिक, न्यूयॉर्क सगळी मागे. आणि त्याच शहरात बहुसंख्य लोक तुटपुंज्या मिळकतीत दिवस काढत होते. कारण सरळ आहे. २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललं, मग तेलाचा पैसा आला, त्यामागून परदेशी कंपन्या आल्या, आणि सतत वीज-पाणी आणि राखण असलेली घरं होती मोजकी. सगळे त्याच मोजक्या घरांमागे लागले.

थोड्याफार फरकाने हे प्रत्येक विकसनशील देशात होतं. भाडं म्हणजे चार भिंतींची किंमत. वीज, पाणी, सांडपाणी, राखण ही कामं जिथे पालिका नीट करते तिथे ती बिलात येतात. जिथे करत नाही तिथे ती घरमालक करतो किंवा तुम्ही करता. त्यामुळे घर बघताना ‘भाडं किती’ याच्याआधी विचारायचं ते हे: वीज कोण देतं, पाणी कोण देतं, आणि बंद पडल्यावर पैसे कुणाच्या खिशातून जातात? उत्तरं रुपयांत किंवा डॉलरमध्ये मांडली की दोन घरांची खरी तुलना होते. बहुतेकदा कमी भाड्याचं घर महाग निघतं.

राहणीखर्चाच्या वेबसाइटवरचे आकडे वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात. ‘शहराच्या मध्यभागी एक बेडरूम’ या एका ओळीत जनरेटर असलेली इमारत आणि नसलेली इमारत एकत्र मोजली जाते. सरासरीवर अवलंबून राहू नका. ज्या भागात राहायचं आहे तिथल्या तीन प्रत्यक्ष जाहिराती घ्या आणि प्रत्येकीत काय धरलंय ते विचारून लिहा. बाकीच्या खर्चाचा ढोबळ नियम असा की माणसाच्या श्रमाची कामं स्वस्त आणि आयात केलेल्या वस्तू महाग. केस कापणं, शिवणकाम, गाडीची दुरुस्ती यांवर पैसे वाचतील. औषधं, लहान मुलांची दुधाची पावडर, लॅपटॉप, टायर यांवर ते परत जातील. आयातशुल्क जबर असलेल्या देशांत दहा वर्षं जुनी गाडीही अंगावर येईल अशा भावाने विकली जाते. मुलं बरोबर असतील तर आंतरराष्ट्रीय शाळेची फी अनेकदा घरभाड्याच्याही वर जाते, म्हणून नोकरीच्या बोलणीत आधी शाळा, मग घर.

पहिल्या दिवशी लागणारी रोकड

‘महिना हजार डॉलर’ असं ऐकून हजार डॉलरची तयारी ठेवणारा माणूस नायजेरियातल्या लागोसमध्ये अडकतो. तिथे वर्षाचं भाडं एकरकमी मागतात, कधी दोन वर्षांचं. त्यावर दलालाचे साधारण १० टक्के, करारनाम्याचे बहुधा तेवढेच, मोडतोडीसाठी ‘कॉशन डिपॉझिट’ आणि इमारतीचा सर्व्हिस चार्ज. या सगळ्याच्या बेरजेला तिथले दलाल ‘टोटल पॅकेज’ म्हणतात. समजा वार्षिक भाडं १२,००० डॉलर आहे. दलाली १,२००, करारनामा १,२००, डिपॉझिट १,२००, सर्व्हिस चार्ज २,४००. म्हणजे किल्ली हातात येण्याआधी १८,००० डॉलर गेले. यातले फक्त १,२०० परत मिळण्याची आशा, तीही आशाच.

कायदा आपल्या बाजूने आहे असं धरून चालू नका. लागोस राज्याच्या २०११ च्या भाडेकरू कायद्याने नव्या भाडेकरूकडून एका वर्षापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायला मनाई केली, पण इकोयी, व्हिक्टोरिया आयलंड, इकेजा जीआरए आणि आपापा हे भाग त्यातून वगळले. परदेशी लोक घर शोधतात ते नेमकं यातल्याच भागांत. घानात १९६३ च्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागणं बेकायदा आहे, बाजारात मात्र सर्रास एक-दोन वर्षांचं मागतात. जकार्तातही वर्षाचं भाडं आधी देण्याची पद्धत रुळलेली आहे.

एकरकमी पैसे दिले की तुमचा सगळा जोर त्याच दिवशी संपतो. त्यामुळे क्रम पाळा. आधी दुरुस्त्यांची यादी लेखी द्या, त्या करून घ्या, स्वतः तपासा, मग पैसे. ‘तुम्ही पैसे भरा, रंगारी उद्या येतोय’ या वाक्यावर पैसे सोडलेले लोक सहा महिन्यांनीही रंगाऱ्याची वाट बघत असतात. दोन वर्षांचं भाडं मागितलं तर एक वर्षावर आणा, अगदी दर थोडा वाढवून द्यावा लागला तरी चालेल. घर न मानवल्यास बाहेर पडण्याची मोकळीक त्या वाढीपेक्षा मोलाची असते.

कंपनी भाडं भरणार असेल तर रक्कम कर कापण्याआधीची की नंतरची हे विचारायलाच हवं. नायजेरियात आणि इंडोनेशियात कंपनी भाडं देते तेव्हा १० टक्के कर कापून सरकारात भरते. मालकाने ‘माझ्या हातात हजार आले पाहिजेत’ म्हटलं तर कंपनीला हजार नव्हे, १,१११ पडतात. घरभत्त्याची मर्यादा हजार असेल तर वरचे १११ तुमच्या पगारातून.

या सगळ्यासाठी वेळ लागतो. पहिले चार ते सहा आठवडे सर्व्हिस अपार्टमेंटचे पैसे कंपनीकडून लेखी घ्या. विमानातून उतरल्यावर तीन दिवसांत निवडलेलं घर चुकतंच, कारण त्या तीन दिवसांत ना पाऊस पडतो, ना पाणी जातं.

वीज

आधी वीज किती तास असते ते शोधा. मालकाला विचारू नका. त्याचं उत्तर ‘इथे लाइट जातच नाही’ असंच असतं. पहारेकऱ्याला विचारा, जनरेटरवर तासांचा मीटर असतो तो वाचा, आठवड्याने पुन्हा वाचा. फरक हा खरा आकडा. नायजेरियात वीज कंपन्यांनी लाइनींचे गट पाडले आहेत: ए गटाला दिवसात किमान २० तास, बी १६, सी १२, डी ८, ई ४. एप्रिल २०२४ मध्ये ए गटाचे दर एकदम वाढले. म्हणजे तिथे बिल पाहिलं की घराचा गट आणि तुमचं भविष्य दोन्ही कळतं. बाकी देशांत असा छापील आकडा नसला तरी जुन्या भाडेकरूची बिलं मागता येतात. प्रीपेड मीटर असेल तर त्यात वीस आकडी टोकन टाकायचं असतं. आधीच्या भाडेकरूची बाकी त्या मीटरवर चढलेली असली तर तुमच्या पहिल्या टोकनमधून कापली जाते, आणि शंभरची वीज घेऊन साठचेच युनिट मिळतात. ताबा घेण्याआधी मालकाला त्याच मीटरचं एक छोटं टोकन तुमच्यासमोर घ्यायला लावा. पावतीवर थकबाकी दिसते.

आता जनरेटरचा हिशेब. दिवसाला चार तास वीज जाते असं धरू, म्हणजे महिन्याला १२० तास. बारा फ्लॅटच्या इमारतीत ६० केव्हीए क्षमतेचा जनरेटर निम्म्या लोडवर ताशी सुमारे ८ लिटर डिझेल खातो. महिन्याला ९६० लिटर, प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला ८० लिटर. स्वतंत्र बंगल्यात २० केव्हीएचा जनरेटर बहुतेक वेळ पाव लोडवर चालतो आणि तरी ताशी २ लिटर पितो. महिन्याला २४० लिटर, सगळे तुमचे. बंगल्याचं भाडं फ्लॅटपेक्षा कमी दिसलं तर १६० लिटर डिझेलचा तिथला भाव त्यात मिळवा, मग तुलना करा. शिवाय दर २५० तासांनी ऑइल आणि फिल्टर, म्हणजे या वापरात दर दोन महिन्यांनी. कमी लोडवर सतत चालवलेल्या जनरेटरच्या धुराड्यात न जळलेलं इंधन आणि काजळी साठते, काळं तेल ठिबकायला लागतं. असा डाग दिसला तर जनरेटर गरजेपेक्षा मोठा आहे, आणि तो दुरुस्त कुणी करायचा हे करारात येऊ द्या.

सर्व्हिस चार्जमध्ये डिझेल धरलंय का, की वेगळं वाटून घेतात? वाटतात तर मीटरवर की सरसकट? सरसकट असेल तर तीन एसी चालवणाऱ्या शेजाऱ्याचं डिझेल तुम्ही भराल. आणि जनरेटर रात्रभर चालतो की अकराला बंद करतात, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

चार तासांच्या आतल्या खंडासाठी इन्व्हर्टर स्वस्त पडतो. दिवे, पंखे, राउटर मिळून ३०० वॉट धरले तर चार तासांत १.२ युनिट लागतात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे कामाचे ०.९ युनिट. बॅटऱ्या दोन हव्यात. लिथियमच्या बॅटरीतले ८० टक्के वापरता येतात. आता गोम अशी की उतरलेली लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास वीज लागते. जिथे दिवसातून सहाच तास वीज येते तिथे ती कधीच भरत नाही, आणि वर्षभरात नवी घ्यावी लागते. तिथे छतावर सोलर पॅनल हवेतच. बॅटरी गरम खोलीत ठेवली तरी तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून किचनच्या माळ्यावरचा इन्व्हर्टर बघून खूश होऊ नका.

घर बघायला जाताना तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आणि साधा मल्टिमीटर खिशात ठेवा. आधी व्होल्टेज मोजा. मग सगळे एसी आणि गीझर एकदम चालू करून पुन्हा मोजा. दहा टक्क्यांहून जास्त पडलं तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. अशा जोडालाच आग लागते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात चार-पाच व्होल्टच्या वर दिसत असेल तर अर्थिंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये गडबड असू शकते. भिंतीत तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या भोकाला वायर आहेच असं नाही, टेस्टर ते दहा सेकंदांत सांगतो. पॅनलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा खटका, आहे का पाहा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. पडला तर चांगला, नाही पडला तर तो शोभेचा. पूर्व आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत शॉवरच्या तोंडातच हीटर असलेली सोय खूप दिसते. तिथे आरसीसीबी नसेल तर अंघोळीआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. फ्रिज आणि एसीसाठी वीज आल्यावर काही मिनिटं थांबून जोडणारा व्होल्टेज गार्ड घ्या. वीज येताना पहिला झटका जोरदार असतो, आणि कॉम्प्रेसर त्यातच जातो.

पाणी

चार माणसांना दिवसाला साधारण ५४० लिटर पाणी लागतं, माणशी १३५ प्रमाणे. पालिकेचं पाणी आठवड्यातून दोनदा येत असेल आणि मधला सगळ्यात लांब खंड चार दिवसांचा असेल तर २,१६० लिटर, आणि पाणी एखाद्या वेळी आलंच नाही तर म्हणून वर पाव. म्हणजे ३,००० लिटरची टाकी. जाहिरातीत ‘टाकी आहे’ एवढंच असतं. ती बहुधा १,००० लिटरची असते आणि चार जणांच्या घरात दोन दिवसही पुरत नाही. मग टँकर. टँकरवाला पाच-दहा हजार लिटरच्या हिशेबात विकतो, आणि तुमच्याकडे मावतात एक हजार. उरलेल्याचेही पैसे तुम्हीच देता. त्यामुळे जमिनीखालची मोठी टाकी असलेलं घर थोडं महाग असलं तरी उन्हाळ्यात भरून निघतं.

खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवतो पंप, आणि पंपाला लागते वीज. पंप जनरेटरवर आहे का? नसेल तर वीज गेली की काही तासांत पाणीही गेलं.

छतावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर मीटर उंचीमागे ०.१ बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी शॉवरपेक्षा दोनच मीटर उंच असते, म्हणजे ०.२ बार. एवढ्यात इन्स्टंट गीझर पेटतच नाही. वरच्या मजल्याचा फ्लॅट घेताना प्रेशर पंप आहे का ते पाहा. तपासायला बादली पुरते: १० लिटरची बादली शॉवरखाली दीड मिनिटात भरली तर ठीक, तीन मिनिटं लागली तर रोज सकाळी चिडचिड. त्याच वेळी किचनचा नळ उघडून पुन्हा मोजा. फ्लश करून बघा, आणि दोन-तीन बादल्या एकदम ओतून बाथरूमची मोरी तुंबते का तेही बघा.

टाकीचं झाकण उघडून आत डोकावण्याचा आळस करू नका. तळाशी गाळ, कडेला हिरवट थर, झाकणाला फट. ही फट म्हणजे डेंग्यूच्या डासांचं घर. राहायला जाण्याआधी टाकी घासून घ्या, भरा, दर १,००० लिटरला ५ टक्के क्लोरिनचं एक लिटर ब्लीच टाका, बारा तास तसंच ठेवा, घरातले सगळे नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा, मग सगळं पाणी सोडून द्या. नळातली गढूळ सुरुवात पाहिली की आधीचा भाडेकरू आजारी का पडत होता ते कळतं.

पिण्याचं पाणी उकळून जंतू मरतात. खळखळून एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. पण बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड किंवा आर्सेनिक उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत फ्लोराइड आणि बांगलादेशात आर्सेनिक हे जुने प्रश्न आहेत. अशा भागात बोअरच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. तो खर्च एका टँकरपेक्षा फार नसतो. टीडीएसचा पेनासारखा मीटर हे काम करत नाही. तो फक्त विरघळलेलं काहीतरी आहे एवढंच सांगतो. आवारातच बोअर आणि सेप्टिक टँक दोन्ही असतील तर त्यांच्यातलं अंतर पावलांनी मोजा. तीस मीटरपेक्षा कमी असेल तर ते पाणी फक्त धुण्याभांड्याला.

भिंती, ऊन आणि आवाज

घर तीन वेळा पाहा: दुपारी चारला, रात्री नऊला, आणि जमल्यास पावसात. दुपारी चारला पश्चिमेची भिंत किती तापते ते हात लावून कळतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री सोडतो, म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री दहालाही पंखा गरम वारा फेकतो. असं घर घेतलं तर एसीचं बिल हे भाड्यातच धरा. रात्री नऊला शेजारचा जनरेटर, बार आणि कुत्री यांची ओळख होते. शेजाऱ्याचा जनरेटर तुमच्या बेडरूमच्या खिडकीखाली असेल तर ते घर सोडून द्या, कारण तो हलवणं तुमच्या हातात नाही.

ओल लपवायची सोपी युक्ती म्हणजे नवा रंग. एकाच भिंतीला किंवा एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तिथे बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत गिलावा सुटलाय. खालच्या फूटभरात पांढरी पावडर किंवा पोपडे असतील तर ओल जमिनीतून वर येतेय आणि ती थांबवणं फार अवघड असतं. ती छताच्या कडेला असेल तर गळती, आणि गळती दुरुस्त होऊ शकते. कपाटं पुढे ओढून मागची भिंत बघा, बंद कपाट उघडून वास घ्या. भाड्याच्या घरात ओलीने कपडे, चामडं, कागदपत्रं खराब होतात आणि त्याची भरपाई कुणी देत नाही.

पुराची खूण कंपाउंडच्या भिंतीवर असते. मातीच्या रंगाची आडवी रेघ, किंवा सगळ्या शेजाऱ्यांनी दारात बांधलेले गुडघाभर उंचवटे. जकार्ताचा उत्तर भाग खचतोय हे सगळ्यांना माहीत आहे, पण बाकी शहरांत दोन गल्ल्यांच्या अंतरानेही फरक पडतो. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला विचारा.

कामावर जायचा रस्ता सोमवारी सकाळी त्याच वेळेला एकदा करून बघा. मनिला, ढाका, लागोस, नैरोबी इथे दहा किलोमीटरला दीड तास ही तक्रार नेहमीची आहे. रोज तीन तास गेले तर महिन्याच्या बावीस दिवसांत ६६ तास होतात. ऑफिसजवळच्या घराचं जादा भाडं या तासांनी भागून बघा, आकडा बहुधा लाज वाटेल इतका लहान येतो.

जाळ्या, गॅस, राखण

खिडक्यांना गज असणं बरं, पण आग लागली तर बाहेर कुठून पडणार? प्रत्येक बेडरूममध्ये निदान एक गज आतून उघडणारा हवा आणि त्याची किल्ली खिडकीजवळच, हाताला लागेल अशी टांगलेली. हा करारातला मुद्दा करा, कारण वेल्डरला बोलावून बिजागरी लावणं एका दिवसाचं काम आहे. गॅस सिलिंडर शक्य तितका बाहेर ठेवा. गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये कधीही नको, आणि जनरेटर खिडकी-दारापासून सहा मीटर तरी दूर हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत वेळ गेलेली असते. बॅटरीवरचे दोन अलार्म सामानात घेऊन जा, तिथे मिळतीलच असं नाही.

पहारेकरी ‘चोवीस तास’ म्हणतात तेव्हा हिशेब करा. आठवड्यात १६८ तास असतात. एका जागेसाठी ४२ तासांची पाळी करणारी चार माणसं लागतात. पगार दोघांचा दिला जात असेल तर प्रत्येकजण आठवड्याला ८४ तास जागतोय, म्हणजे पहाटे तीनला झोपतोय. घरात कामाला माणसं ठेवणार असाल तर तिथला कामगार कायदा आधी वाचा. फिलिपिन्समध्ये घरकाम करणाऱ्यालाही तेरावा पगार द्यावा लागतो, आणि २०१३ च्या कायद्याने सामाजिक विम्याचा भरणाही मालकावर येतो. ही रक्कम बजेटमध्ये पहिल्यापासून धरली नाही तर डिसेंबरमध्ये धक्का बसतो.

करारात काय हवं

चलन हा पहिला मुद्दा. पगार ज्या चलनात, भाडं शक्यतो त्याच चलनात. इजिप्तने नोव्हेंबर २०१६ मध्ये पौंड मोकळा सोडला. डॉलरला ८.८८ पौंड होते ते वर्षअखेरीस १८ च्या आसपास गेले. पगार पौंडात आणि भाडं डॉलरमध्ये असलेल्यांचं भाडं दोन महिन्यांत दुप्पट झालं. उलट असलेल्यांचं निम्मं. देशी चलनातच भाडं घ्यायचं असा कायदाही असू शकतो. इंडोनेशियात जुलै २०१५ पासून देशांतर्गत व्यवहार रुपियातच करायचे आहेत. मालक ‘डॉलरच्या भावाने रुपिया’ असं लिहून पळवाट काढतो. मग कुठल्या बँकेचा, कुठल्या दिवसाचा दर, हे त्याच ओळीत लिहा. काळ्या बाजारातला दर आणि बँकेचा दर यांत फरक असलेल्या देशात ही एक ओळ भाड्याचा तिसरा हिस्सा असू शकते.

दुसरा मुद्दा मोडणुकीचा. बदली झाली किंवा व्हिसा नाकारला गेला तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर करार संपेल आणि उरलेलं आगाऊ भाडं परत मिळेल. आग्नेय आशियात याला ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ म्हणतात. राजनैतिक अधिकारी नसलात तरी तो मागता येतो.

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. ‘मोठी दुरुस्ती मालकाची, किरकोळ भाडेकरूची’ या वाक्याला काही अर्थ नसतो. रक्कम लिहा: अमुकच्या वरची मालकाची. पंप, जनरेटर, गीझर, एसीचा कॉम्प्रेसर, सेप्टिक टँक यांची नावं लिहा. किती दिवसांत दुरुस्त करायचं आणि न केल्यास तुम्ही करून भाड्यातून वळती कराल हेही.

आणि एक मुद्दा कागदपत्रांचा. थायलंडमध्ये परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. व्हिएतनाममध्येही तात्पुरत्या निवासाची नोंद मालकच पोलिसांकडे करतो. भाड्यावरचा कर चुकवणारा मालक अशी नोंद टाळतो, आणि व्हिसा वाढवायच्या वेळी अडचण तुमची होते. म्हणून नोंद करणार का हे पैसे देण्याआधी विचारा. आणि घर खरंच त्याचं आहे का तेही पाहा. मालकीचा कागद, त्यावरचं नाव, त्याच नावाचं ओळखपत्र, त्याच नावाचं बँक खातं. चारांपैकी एक जुळत नसेल तर रोख पैसे देऊ नका. पोटभाडेकरूने पुन्हा भाड्याने दिलेल्या घरातून खरा मालक एका सकाळी बाहेर काढतो.

किल्ली मिळाल्यावर सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा. नळ उघडा, दिवे लावा, एसी चालू करा, भिंतीवरचे डाग जवळून दाखवा. वीज, पाणी आणि जनरेटर तिन्ही मीटरचे आकडे त्यात वाचून दाखवा आणि तो त्याच दिवशी मालकाला ई-मेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. सोडताना हेच उलट क्रमाने, शेवटच्या बिलांच्या पावत्यांसह. डिपॉझिट परत मिळेल तेव्हा मिळेल, पण देश सोडल्यानंतर ते मागणं जवळपास अशक्य असतं. म्हणून विमानाच्या निदान दोन आठवडे आधी ताबा द्या, आणि ते दोन आठवडे हॉटेलात काढा.